स्टोअरचं रजिस्टर आणि टॉप क्वार्क

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्यावर बोलण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी.ए. झालेला माणूस, विषय मराठी. थोड्याफार कविता लिहितो. घरात आम्ही दखनी बोलतो. कविता आणि हिशेब मात्र मला मराठीतच सुचतात. पोटासाठी गेली तीस वर्षं स्टोअर कीपरची नोकरी करतो आहे. आधी भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर चाकणला, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, ऑईलचे डबे यांची आवक-जावक लिहायची, हे माझं काम. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला होता. तो पुन्हा सुरू झाला तो माझ्या लेकीमुळे.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवार हाच रविवार. बाकी पुणे कामाला लागलेलं असतं तेव्हा आमचे कारखाने बंद असतात. अशाच एका गुरुवारी दुपारी जेवताना लेकीने विषय काढला. भौतिकशास्त्रात तिचं एम.एस्सी. नुकतंच झालं होतं. चाकणच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं, क्वालिटी विभागात. घरापासून बस, पगार बरा. आमच्या घराच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते शिल्लक आहेत आणि माझ्या निवृत्तीला राहिलीत तीन वर्षं. मी मनातल्या मनात हिशेब करून मोकळा झालो होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "अब्बा, मला एक वर्ष द्याल? पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची आहे."

मी विचारलं, "कशावर करणार पीएच.डी.?"

ती म्हणाली, "टॉप क्वार्कवर."

माझ्यातला स्टोअर कीपर जागा झाला. मी म्हटलं, "हा कोणत्या मशीनला लागतो?"

ती हसली. "कोणत्याच नाही. पण तुम्ही तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय ना, मग तुम्हाला तो पटकन समजेल."

त्या दिवसापासून पुढचे चार-पाच गुरुवार आमच्या घरात शाळा भरली. मास्तरीण ती आणि विद्यार्थी मी. त्या शाळेत जे शिकलो तेच आज तुम्हाला सांगतो आहे. चुकलो तर दोष विद्यार्थ्याचा.

सुरुवात सोपी आहे. तुमचा रेडिओ, माझा चष्मा, चाकणच्या रस्त्यावर अडकलेला कंटेनर, हे सगळं अणूंचं बनलेलं. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्याही आत आणखी लहान कण, त्यांना म्हणतात क्वार्क. प्रोटॉनमध्ये दोन 'अप' क्वार्क आणि एक 'डाऊन'. न्यूट्रॉनमध्ये दोन डाऊन आणि एक अप. म्हणजे अप, डाऊन आणि इलेक्ट्रॉन अशा तीनच वस्तूंवर आपल्या रोजच्या जगाचा कारखाना चालतो. आमच्याकडे साध्या पंपाला लागणाऱ्या मालाची यादी दोन पानांची असते. या जगाची यादी तीन ओळींची.

पण निसर्गाच्या स्टोअरमध्ये आणखीही रॅक आहेत. क्वार्कांच्या एकूण तीन जोड्या आहेत. पहिली अप आणि डाऊन. दुसरी चार्म आणि स्ट्रेंज. तिसरी टॉप आणि बॉटम. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीतले कण टिकत नाहीत. मोठ्या टकरीतून निर्माण होतात आणि लगेच दुसऱ्या कणांमध्ये मोडतात. या तिसऱ्या जोडीला सुरुवातीला काही शास्त्रज्ञ 'ट्रुथ' आणि 'ब्यूटी' म्हणत, म्हणजे सत्य आणि सौंदर्य. कवी म्हणून मला ती नावं राहायला हवी होती. पण व्यवहारात टॉप आणि बॉटम हीच रुळली.

तिसरी जोडी असली पाहिजे हे मांडलं १९७३ साली जपानच्या दोन शास्त्रज्ञांनी, माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मासकावा यांनी. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात एक बारीक फरक आढळला होता. दोन जोड्यांमध्ये त्याचा हिशेब लागत नव्हता, तीन घेतल्या तर लागत होता. तेव्हा दुसरी जोडीसुद्धा पुरती सापडलेली नव्हती! पुढे २००८ साली या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

१९७७ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत बॉटम क्वार्क सापडला. आता मला सांगा, रॅकमधल्या एका डब्यात बोल्ट सापडला, तर त्याच मापाचा नट कुठे तरी असणार की नाही? शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं. ग्लॅशो, वाईनबर्ग आणि आपल्या उपखंडातले अब्दुस सलाम यांना ज्या सिद्धांतासाठी १९७९ चं नोबेल मिळालं, त्या सिद्धांताचं गणित तर जोडी पुरी असल्याशिवाय जुळतच नव्हतं. नट असायलाच हवा होता.

पण तो सापडेना. जर्मनीत शोधला, जपानमध्ये शोधला, जिनिव्हाच्या 'सर्न' प्रयोगशाळेत शोधला. प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं, इथवर नाही, म्हणजे तो याहून जड आहे. एक दोन नव्हे, तब्बल अठरा वर्षं गेली.

यातली एक गंमत मला फार आवडली. सर्नच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या यंत्रावर 'झेड' नावाच्या एका कणाची अतिशय अचूक मोजमापं झाली. त्या यंत्राला टॉप निर्माण करण्याइतकी ताकद नव्हती. तरीही झेडच्या आकड्यांमध्ये किंचित फरक पडत होता आणि तो न सापडलेल्या टॉपमुळे पडत असणार, हे गणिताने सांगता येत होतं. आमच्या वजनकाट्यावर ट्रक उभा राहतो, तेव्हा काटेवाला खोलीतून बाहेर न येता ओरडतो, "ड्रायव्हरला खाली उतरव रे!" आकड्यावरूनच त्याला कळतं की केबिनमध्ये कुणी तरी बसलंय. तसंच इथे झालं. टॉप दिसायच्या आधीच त्याचं वजन साधारण किती असेल याचा अंदाज आला होता.

आणि मग २ मार्च १९९५ या दिवशी फर्मीलॅबमधल्या 'सीडीएफ' आणि 'डी-झीरो' या दोन प्रयोगांनी टॉप क्वार्क सापडल्याचं जाहीर केलं. तिथे सहा किलोमीटरहून थोड्या मोठ्या वर्तुळात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळवत होते. यातल्या डी-झीरो प्रयोगात आपल्या मुंबईची, कुलाब्याची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च सहभागी होती. दिल्ली विद्यापीठ आणि चंडीगडचं पंजाब विद्यापीठही होतं. टॉप सापडल्याचा जो शोधनिबंध छापून आला, त्यावर या आपल्या संस्थांची नावं आहेत. १९९५ मध्ये मी भोसरीला नवा नवा स्टोअर कीपर होतो. आपल्याच राज्यातली माणसं त्या शोधात आहेत, याची मला तेव्हा गंधवार्ताही नव्हती.

आता त्याचं वजन. टॉप हा आजवर माहीत असलेल्या मूलकणांमध्ये सर्वांत जड. एका प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट! लेकीने हे सांगितल्यावर मी विचारलं, "म्हणजे नक्की किती, ओळखीच्या भाषेत सांग." ती म्हणाली, "टंगस्टनच्या एका आख्ख्या अणूएवढा." मी उडालोच. टंगस्टन माझ्या रोजच्या हाताखालचा माल. लेथवर, सीएनसीवर लोखंड कापायला जी कार्बाइडची टीप लावतात, ती टंगस्टनची. नवी टीप हवी तर जुनी जमा कर, हा आमच्या स्टोअरचा नियम, कारण तिच्या भंगारालाही भाव असतो. त्या टंगस्टनच्या एका अणूच्या गाभ्यात चौऱ्याहत्तर प्रोटॉन आणि शंभराहून जास्त न्यूट्रॉन असतात, म्हणजे साडेपाचशेच्या घरात क्वार्क. आणि हा टॉप एकटा तेवढ्या वजनाचा, शिवाय ज्याचे आणखी तुकडे आजवर कुणाला करता आलेले नाहीत असा. इतका जड तो का, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

पण सगळ्यात नवल त्याच्या आयुष्याचं. एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्यं इतके भाग करा. त्यातल्या एका भागाच्या साधारण निम्म्या वेळात टॉप क्वार्क संपतो. प्रकाशाला एका प्रोटॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही तो जगत नाही. म्हणजे कोणत्याही यंत्रापर्यंत तो स्वतः कधी पोचतच नाही. मग सापडला म्हणजे काय झालं?

इथे लेक म्हणाली, "आता तुमचं स्टोअर." टॉप मोडला की त्यातून एक बॉटम क्वार्क आणि डब्ल्यू नावाचा कण निघतो. डब्ल्यूही लगेच मोडतो. त्यातून कधी आणखी क्वार्क निघतात, तर कधी एखादा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन आणि त्याच्यासोबत न्यूट्रिनो. यंत्राला दिसतो तो हा पुढचा पसारा. बॉटमपासून बनलेला कण काही मिलिमीटर जाऊन फुटतो, ती त्याची खूण. आणि न्यूट्रिनो? तो कशालाच न अडता सगळ्या भिंतींतून पार निघून जातो. त्याचा एकच पुरावा: आत आलेल्याचा आणि बाहेर गेलेल्याचा हिशेब लागत नाही, तूट येते.

मी म्हटलं, "म्हणजे गेटपासशिवाय बाहेर गेलेला माल!"

ती टाळी वाजवून म्हणाली, "अगदी तेच."

श्रोतेहो, स्टॉक मोजताना तूट आली की आम्ही दोन गोष्टी बघतो. तूट किती आहे आणि कोणत्या बाजूच्या रॅकला आहे. शास्त्रज्ञ तेच करतात. सगळ्या तुकड्यांची ऊर्जा आणि दिशा मोजायची, तूट कोणत्या बाजूला आहे ते बघायचं आणि मग उलट्या पावलांनी मागे जाऊन म्हणायचं, की इथे क्षणभर एक टॉप होता आणि त्याचं वजन इतकं होतं. तेही कसं, तर फर्मीलॅबमध्ये साधारण हजार कोटी टकरींमध्ये एकदा टॉपची जोडी निर्माण व्हायची. बाकी सगळा नेहमीचा माल. हजार कोटी चलनांतून एक चलन शोधायचं. मला त्या लोकांविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

आता या अल्पायुष्याचा एक फायदा आहे आणि इथेच या गोष्टीत पुण्याची एक व्यक्ती येते.

कोणताही क्वार्क एकटा दिसत नाही. निर्माण झाला की लगेच तो दुसऱ्या क्वार्कांना बिलगतो आणि त्यांचा मिळून एक कण होतो. आपल्याला दिसतो तो हा घोळका. आतला क्वार्क मुळात कसा होता ते त्या गर्दीत हरवून जातं. पण असं बिलगायलाही थोडा वेळ लागतोच. टॉपचं आयुष्य त्या वेळेपेक्षाही कमी. घोळक्यात शिरायच्या आत तो संपलेला असतो. त्यामुळे त्याच्या अंगची खूण कुणी पुसत नाही. ती जशीच्या तशी त्याच्यापासून निघालेल्या कणांकडे जाते.

ही खूण म्हणजे त्याची गिरकी. इंग्रजीत 'टॉप' म्हणजे भोवराही. कणाचं नाव काही त्यावरून पडलेलं नाही, पण इथे तो अर्थ उपयोगी पडतो. प्रत्येक क्वार्कला भोवऱ्यासारखी एक गिरकी असते आणि तिचा आस कोणत्या तरी दिशेला असतो. इतर क्वार्कांचा हा आस बहुतेक वेळा घोळक्यात ढळून जातो. टॉपचा ढळत नाही. त्यातून निघणारा इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन कोणत्या कोनात गेला, हे पुष्कळ टॉपच्या बाबतीत मोजलं, की भोवऱ्यांचा आस कुठे झुकलेला होता ते वाचता येतं. आणि त्यावरून हे टॉप कुठून आले, नेहमीच्या क्रियेतून की एखाद्या अजून न सापडलेल्या कणातून, याचाही माग लागू शकतो.

ही खूण वाचायची कशी, यावर ज्यांनी महत्त्वाचं काम केलं त्यांपैकी एक रोहिणी गोडबोले. जन्म पुण्याचा, १९५२ चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज स. प. महाविद्यालय. मग आयआयटी मुंबई, अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएच.डी. परत येऊन टाटा इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठ आणि १९९५ पासून, म्हणजे टॉप सापडला त्याच वर्षापासून, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २००६ साली त्यांनी सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांच्याबरोबर एक गोष्ट दाखवून दिली. टॉप मोडण्याच्या क्रियेत काही थोडासा अनपेक्षित फेरफार असला, तरी त्या इलेक्ट्रॉनच्या किंवा म्युऑनच्या कोनाची साक्ष बिघडत नाही. थोडक्यात, साक्षीदार पक्का आहे, त्याच्यावर विसंबायला हरकत नाही.

२०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं. भारतातल्या स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक २००८ साली निघालं, त्याच्या संपादनात त्यांचा वाटा होता. ते पुस्तक माझ्या लेकीच्या उशाशी असतं. पुस्तकाचं नाव मी वर्षभर वाचत होतो. ते तिच्या उशाशी का आहे, हे मात्र विचारलं नव्हतं.

त्या गुरुवारी रात्री मला झोप लागली नाही. डोक्यात टॉप क्वार्क होता आणि त्याच्या आडून एक मुलगा आठवत होता.

चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी पोरं किती येतात आणि जातात, हे तुम्ही जाणताच. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून येतात. सात महिने, फार तर अकरा महिने. नाव पाठ होईपर्यंत गेलेली असतात. जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसायला गडी जुना व्हावा लागतो, तेवढाही वेळ त्यांना मिळत नाही. माझ्याकडे ती एकदाच येतात, हातमोजे, गॉगल आणि बूट घ्यायला. रजिस्टरमध्ये सही करतात आणि शेडमध्ये निघून जातात.

एकदा असाच एक मुलगा चार-पाच वर्षांनी परत आला. दुसरीकडे नोकरीसाठी त्याला दाखवायचं होतं की त्याने इथे काम केलंय. ठेकेदार केव्हाच निघून गेला होता. हजेरीपट ठेकेदाराकडे असायचे, ते मिळेनात. ऑफिसमध्ये कुणी त्याला ओळखेना. शेवटी तो माझ्या खिडकीशी आला. मीही त्याला ओळखलं नाही. पण जुनी रजिस्टरं मी टाकत नाही. दोघांनी मिळून दोन तास पानं उलटली आणि सापडलं. हातमोजे दोन जोड, गॉगल एक, बूट नंबर आठ. समोर त्याची मराठीतली तिरकी सही. आपली सही बघून तो मुलगा नुसता उभा राहिला. त्या पानाची झेरॉक्स मी त्याला दिली. तिचा त्याला उपयोग झाला की नाही, मला कधी कळलं नाही.

यातून मला काही गोड सुविचार काढायचा नाही. आयुष्य छोटं असलं तरी ठसा राहतो, असं म्हणून टाळ्या घेता येतात. पण अल्पायुष्य कणाला शोभतं. माणसाच्या नोकरीला नाही. टॉप इतक्या लवकर जातो, तो त्याच्या वजनामुळे. ती पोरं जातात, ती कुणी तरी ठरवल्यामुळे. मला सांगायचं आहे ते एवढंच, की निघून गेलेल्याची नीट नोंद ठेवणं आणि राहिलेल्या खुणांवरून तो होता हे शोधून काढणं, हे काम फालतू नाही. ते काम मी तीस वर्षं करतो आहे. माझी लेक तेच करू बघते आहे आणि मी तिला विचारलं होतं, की हा कोणत्या मशीनला लागतो.

पुढच्या गुरुवारी मी स्वतःहून विचारलं, "पण आता तो सापडला, वजनही कळलं. मग शिल्लक काय राहिलं?"

ती म्हणाली, "सगळंच." २०१२ साली सर्नच्या एलएचसी यंत्रावर हिग्ज बोसॉन सापडला, हे आपण पेपरात वाचलं होतं. मूलकणांना वस्तुमान मिळतं ते ज्या हिग्ज क्षेत्रामुळे, त्याचा हा कण. टॉप सर्वांत जड, म्हणजे हिग्जशी त्याचं नातं सर्वांत घट्ट. एलएचसीमध्ये हिग्ज निर्माण होतात तेही बहुतेक टॉपच्याच मध्यस्थीने. २०१८ मध्ये हिग्ज आणि टॉपची जोडी एकत्र निर्माण होताना पकडली गेली, तेव्हा हे नातं थेट दिसलं. फर्मीलॅबचं ते जुनं यंत्र २०११ साली बंद झालं. एलएचसीवर मात्र २०१५ ते २०१८ या काळातच दोन मोठ्या प्रयोगांना प्रत्येकी दहा कोटींहून अधिक टॉपच्या जोड्या मिळाल्या. त्यातल्या सीएमएस या प्रयोगात टाटा इन्स्टिट्यूट आहे आणि आपल्या पाषाणची आयसर संस्थाही आहे. म्हणजे आमच्या घरापासून एक-दोन बस बदलल्या, की टॉप क्वार्कचा अभ्यास चालतो तिथे पोचता येतं.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. हिग्जचं वजन आणि टॉपचं वजन या दोन आकड्यांवरून एक प्रश्न विचारता येतो, आपलं विश्व आहे या अवस्थेत कायम राहील का? टॉप थोडा हलका असता तर उत्तर होतं, हो, कायम. बराच जड असता तर विश्व टिकलंच नसतं. आणि आज मोजलेलं वजन, जे पाचशे भागांत एका भागाइतकं अचूक कळलं आहे, ते नेमकं मधल्या पट्ट्यात पडतं. आणखी कुठले नवे कण नाहीत असं धरलं, तर विश्व पक्कं नाही, पण लगेच कोसळणारंही नाही. ही मधली अवस्था संपायला लागणारा काळ विश्वाच्या आजच्या वयापेक्षा, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षांपेक्षा, कितीतरी प्रचंड आहे.

मी म्हटलं, "म्हणजे सगळं विश्वच कंत्राटी म्हण की!"

ती म्हणाली, "अजून सांगता येत नाही. पर्मनंट आहे की टेंपररी, ते ठरवायला टॉपचं वजन आणखी अचूक मोजावं लागेल."

चाकणमध्ये तीस-पस्तीस वर्षांचा प्रत्येक तरुण सकाळी उठून स्वतःविषयी हाच प्रश्न विचारतो. तोच प्रश्न सगळ्या विश्वाविषयी विचारता येतो आणि त्याच्या उत्तराचा धागा एका अल्पायुषी कणाच्या वजनात आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

लेकीने शेवटी आणखी एक बातमी सांगितली. घोळक्यात न शिरणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या टॉपच्या जोड्यांचं बारीक निरीक्षण चालू आहे. २०२३ साली असं दिसलं, की जोडीतल्या दोन टॉपच्या गिरक्या एकमेकींशी पुंज-नात्याने बांधलेल्या असतात. आणि २०२५ मध्ये सर्नच्या दोन्ही प्रयोगांना अशा खुणा मिळाल्या, की जोडी अगदी संथपणे निर्माण झाली तर ते दोघं संपण्याआधी किंचित एकमेकांकडे ओढले जात असावेत. तिसऱ्या कुणापर्यंत पोचायला वेळ नाही. पण जो शेजारी जन्मला त्याच्याकडे हात पुढे करण्यापुरता मिळतो. यावर मी कविता लिहिणार नाही. ती आधीच झालेली आहे.

तुम्ही विचाराल, पण उपयोग काय? मीही पुन्हा विचारलं. ती म्हणाली, कणांना वेग देणाऱ्या यंत्रांपासूनच कॅन्सरवर किरणोपचार करणारी यंत्रं आली, इंटरनेटवरचं वेब सर्नमध्येच जन्माला आलं. "पण अब्बा, मी त्यासाठी शिकत नाही. टॉप क्वार्कचा आज काही उपयोग नाही. मला तो फक्त जाणून घ्यायचाय." उपयोग दाखवून माझी परवानगी मिळवणं तिला सोपं होतं. तिने ते केलं नाही. त्या प्रामाणिकपणानेच मी हरलो.

निर्णय खरं तर आमच्या घरात मी घेतलाच नाही. तिची अम्मी शिलाईचं काम करते. इतके गुरुवार ती गप्प राहून ऐकत होती. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "एकच साल की तो बात है." आणि पुन्हा शिवायला लागली.

हप्त्यांचा हिशेब मी नव्याने मांडला आहे. तंग आहे, पण जुळतो. चाकणच्या कंपनीला नकाराचं पत्र लेकीने स्वतः लिहिलं आणि पाकिटात घालण्याआधी मला वाचायला दिलं. परीक्षा व्हायची आहे. ती पास होईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. नाही झाली तर नोकरी शोधावी लागेल, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

पण आता गुरुवारी दुपारी ती टेबलाशी अभ्यासाला बसली की मी रेडिओचा आवाज कमी करतो. आणि शुक्रवारी सकाळी स्टोअरची खिडकी उघडल्यावर नवा मुलगा हातमोजे घ्यायला आला, की रजिस्टर त्याच्यापुढे सरकवताना त्याला सांगतो, "सही नीट कर, बाबा. पूर्ण नाव लिही."